‘हव्यास’ नावाचा रकाना

एकाच दिवशी आमच्या टेबलावर दोन कागद येऊन पडले आणि दोन्ही कागदांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला. पहिला कागद या मासिकाच्या संपादकांचा. त्यांनी मोठ्या आपुलकीने लिहिले होते, की आपला परिचय वाचकांना करून द्यावा. मात्र पदव्या, पदे आणि बदल्या यांची जंत्री नको, आपले छंद कोणते, करमणूक कशात वाटते, त्यावरून माणूस कळू द्या. दुसरा कागद आमच्या शिक्षण खात्याचा. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षण शिबिरासाठी भरावयाचा तो तक्ता होता; अर्थातच कन्नडमध्ये. नाव, शाळा, सेवेची वर्षे असे नेहमीचे रकाने भरत भरत आम्ही खाली आलो, तो शेवटून दुसऱ्या रकान्यावर लेखणी अडली. तेथे छापले होते, ‘निम्म हव्यासगळु’. म्हणजे ‘तुमचे हव्यास’!

वाचकहो, मराठीत हव्यास कशाला म्हणतात हे आपणांस सांगावयास नको. धनाचा हव्यास, खुर्चीचा हव्यास, आणि या दोन्हींतून होणारा सर्वनाश, असे धडे शिकवण्यात आमची तीस-बत्तीस वर्षे गेली. सरकारने नोकराला त्याचे हव्यास विचारावेत आणि नोकराने ते स्वहस्ताक्षरात, सहीशिक्क्यानिशी वरिष्ठांस सादर करावेत, इतका सरळ कारभार जगात दुसरीकडे कोठे नसेल. वास्तविक त्यात गंमत अशी काही नाही. कन्नडमध्ये ‘हव्यास’ म्हणजे छंद. आणि आपला ‘छंद’ कन्नड माणसाच्या कानावर पडला, तर त्याला तो ‘चंद’ वाटून ‘सुंदर’ असा अर्थ लागण्याचाच संभव अधिक. शब्द तोच, पण नदी ओलांडली की त्याची नियत बदलते. आम्हां सीमेवरच्या माणसांना ही कसरत अंगवळणी पडलेली आहे. तरीही त्या दिवशी तो रकाना आम्ही कोरा ठेवला आणि कागद खणात सरकवला. कोरा का ठेवला, ते पुढे येईल. तोवर संपादकांच्या पत्राचे उत्तर देतो.

आम्ही निपाणीचे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा तंजावर येथील मराठी घराणी कोणा सरदाराबरोबर वा चाकरीच्या निमित्ताने परमुलखात गेली आणि तेथेच रुजली. आमचे तसे नाही. आम्ही कोठे गेलोच नाही. आजोबा ज्या घरात जन्मले त्याच घरात वडील वाढले आणि त्याच घरात हा लेख लिहिणे चालले आहे. आम्ही जागचे हललो नाही, राज्य मात्र हलले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि आमचे गाव, आहे तेथेच राहून, परप्रांतात गेले. आमचा जन्म त्यानंतर बारा वर्षांनी झाला. त्या वादाविषयी येथे लिहिणे सरकारी नोकराला शोभणार नाही आणि संपादकांनी ते मागितलेलेही नाही. एवढेच सांगतो, की पुणे-बंगळूर हमरस्त्यावर आमच्या गावापासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे आमचे पगारपत्रक एका दिशेने येते आणि मन बहुधा दुसऱ्या दिशेने जाते.

निपाणी म्हटले, की तंबाखू. वखारींवरून जाताना परगावच्या पाहुण्याला शिंका येतात. आम्हांला मात्र परगावी गेल्यावर हवेत काहीतरी कमी आहे असे वाटते. वडील अशाच एका वखारीत दिवाणजी होते. दिवसभर वजनांचे आकडे मांडून सायंकाळी घरी आले, की हातपाय धुऊन ते प्रथम रेडिओ लावीत आणि मगच चहा घेत. त्या काळी रेडिओलादेखील पोस्टातून परवाना काढावा लागे. तो परवाना वडिलांनी घराच्या खरेदीपत्राशेजारी ट्रंकेत जपून ठेवला होता.

आमचा पहिला छंद हा असा वारशाने आला. सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली आणि धारवाडची त्याआधी, १९५० साली. आमच्या घरात दोन्हींचा वावर होता. काटा इकडे सरकवला, की सांगलीचे नाट्यसंगीत. तिकडे सरकवला, की धारवाडची वचने आणि दासरपदे. आई स्वयंपाकघरातून ‘कानडी बंद करा, मराठी लावा’ असे म्हणे, आणि धारवाडहून मल्लिकार्जुन मन्सूर गाऊ लागले, की तीच पोळपाट बाजूला सारून उंबऱ्याशी येऊन बसे. गाणे संपल्यावर ‘काय म्हणत होते ते?’ असे विचारी. वडिलांनाही वचनांचा अर्थ पुरता ठाऊक नसे. ते म्हणत, “देवाचंच काहीतरी असणार.” सेवेत आल्यावर कन्नडची परीक्षा देणे आम्हांला भाग पडले, तेव्हा सोबतचे कित्येकजण कपाळाला हात लावून बसले होते. आम्ही पहिल्याच फेरीत उत्तीर्ण झालो. त्याचे श्रेय आमच्या बुद्धीला नसून त्या रेडिओच्या काट्याला आहे.

रेडिओचे हे वेड वाढत गेले तसे एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. मराठी घराघरांत ज्यांच्या अभंगांनी सकाळ होते ते भीमसेन जोशी गदगकडचे; त्यांचे वडील आमच्यासारखेच शिक्षक. ज्यांनी देवासला राहून माळव्याची लोकगीते मैफलीत आणली ते कुमार गंधर्व मूळचे शिवपुत्र कोमकळीमठ, बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. गंगूबाई हनगल धारवाड-हुबळीच्या. या साऱ्यांची घरची बोली कन्नड. उलट पाहावे, तर ज्ञानपीठ पुरस्काराने गौरविलेले कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि त्याच धारवाडात इंग्रजी शिकवीत राहून जी. ए. कुलकर्णी यांनी मराठी कथा लिहिली. जी. ए. तर जन्माने आमच्या शेजारच्या एकसंब्याचे. आपण ज्याला आपले म्हणतो त्यातले किती शेजाऱ्याच्या अंगणातून आले आहे, हे समजण्यासाठी आम्हांला इतिहासाची पुस्तके उघडावी लागली नाहीत. रेडिओवरच्या निवेदनातली नावे लक्ष देऊन ऐकली, एवढे पुरले.

दुसरा छंद नाटकाचा. याला छंद म्हणावे की व्यसन, हे आमच्या सौभाग्यवतींना विचारावे. कॉलेजच्या वयात आम्ही कोल्हापुरास नाटक पाहावयास जात असू. नाटक संपेपर्यंत शेवटची एस. टी. निघून गेलेली असे. मग हमरस्त्यावर उभे राहून, मालमोटारीला हात करून, तंबाखूच्या किंवा गुळाच्या ओझ्यावर बसून पहाटे गावात उतरावयाचे. वडील जागे असत. रागवत नसत, ‘पदे कशी झाली?’ एवढेच विचारीत. आम्ही दोन पदे गुणगुणून दाखविली, की अपराध माफ.

ते नाट्यगृह म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले हे ‘पॅलेस थिएटर’ १९१५ मध्ये उभे राहिले. पुढे ज्या केशवरावांचे नाव त्याला दिले गेले, ते कोल्हापूरचे खरे. पण त्यांची ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी स्थापन झाली ती हुबळीस, १९०८ साली. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. आणि त्याही मागे जावे, तर १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी मराठी नाटकाचा पहिला पडदा उघडला तो उत्तर कानडा जिल्ह्यातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. थोडक्यात, मराठी माणसाचे नाटकाचे वेडदेखील दक्षिणेच्या वाऱ्यानेच आलेले आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी शाळेत प्रार्थनेपूर्वी एका तरुण सहकाऱ्याने मोबाईलवर ती छायाचित्रे दाखविली. छप्पर कोसळलेले, भिंती काळ्या पडलेल्या. त्या दिवशी आम्ही पहिला तास घेतला नाही. मुलांना काय सांगावे? ज्या खुर्चीवर बसून आपण पहिल्यांदा ‘शारदा’ पाहिले ती खुर्ची जळाली, हे काही शोकाचे कारण म्हणून हजेरीपटावर लिहिता येत नाही. घरी आल्यावर सौ. म्हणाली, “अहो, नाट्यगृह पुन्हा बांधतील.” आम्ही मान डोलावली. पहाटे दाराशी जागे राहणारे वडील मात्र आता नव्हते, ही गोष्ट तिने बोलून दाखविली नाही आणि आम्हीही नाही.

तिसरा छंद वाचनाचा आणि त्यातूनच लागलेला शब्द टिपण्याचा. प्रकाश नारायण संतांचा लंपन आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. इकडच्या मुलाच्या तोंडी मराठीला लागून कन्नड कशी येते, ते आम्ही त्या कथांत प्रथम छापलेले पाहिले आणि आपल्या गल्लीतली भाषाही पुस्तकात शोभते याचा धीर आला. आमच्या गावचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत आणि गिरणीत बसून कथा-कादंबऱ्या लिहीत. २०२४ मध्येच ते गेले. त्यांच्या पुस्तकांतली माणसे आम्ही रोज रस्त्यात पाहिलेली. पण पाहणे आणि दिसणे यांत अंतर असते, हे त्यांच्यामुळे उमगले.

एका जुन्या हिशेबाच्या वहीत आम्ही तीस वर्षे शब्द टिपत आलो आहो. मराठी माणसाच्या ताटातले ‘तूप’ हे कन्नडचे ‘तुप्प’. पानाच्या डब्यातला ‘अडकित्ता’ तिकडचाच. ‘अडके’ म्हणजे सुपारी. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ ही घरातली वडीलधारी मंडळी तिकडून आलेली. पुणेकर जे शोधतो ते आम्ही ‘हुडकतो’, कारण कन्नड माणूसही ते ‘हुडकतो’. या वहीचा उपयोग काय, असे आमचा मुलगा विचारतो. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. आम्ही सांगतो, उपयोग असता तर त्याला छंद कोण म्हणाले असते?

येथपर्यंत संपादकांची अपेक्षा पूर्ण झाली असे वाटते. रेडिओ, नाटक, वही. सुसंस्कृत मध्यमवर्गीय मास्तराला शोभतील असे तीन छंद. परंतु छंदांवरून माणसाची ओळख द्यावयाची, तर छंद या विषयावरच आमच्या हातून जी चूक घडली ती लपवून ही ओळख पुरी होणार नाही. खात्याचा रकाना आम्ही कोरा ठेवला, तो याच चुकीमुळे.

गोष्ट १९९६ च्या सुमाराची. सेवेत येऊन तीनच वर्षे झालेली, एम. ए. ची पदवी कोरी करकरीत. सातवीच्या वर्गाला आम्ही निबंध घातला, ‘माझा छंद’. पन्नास वह्या जमा झाल्या. त्यांपैकी तीस जणांना टपाल तिकिटे जमविण्याचा छंद होता, तोही एकाच शब्दांत, कारण बाजारातले मार्गदर्शक पुस्तक एकच होते. त्या तीस जणांपैकी कोणाच्याही घरी परदेशातले पत्र आलेले आम्हांला ठाऊक नव्हते. दहा-बारा जणांनी बागकाम केले होते; त्यांच्या घरापुढे गटारीखेरीज काही नव्हते. आम्ही सगळ्यांना दहापैकी सहा-सात गुण देत गेलो, कारण शुद्धलेखन ठीक होते आणि शेवटी सुविचार होता.

एका मुलीची वही मात्र निराळी निघाली. तिने लिहिले होते, की मला छंद नाही. शाळेतून गेल्यावर मी आईजवळ बसून विड्यांना दोरा बांधते. शेजारच्या घरी रेडिओ असतो. एका गाण्यात पाच विड्या होतात. अभंग मोठा असला तर पंधरा होतात. मोठे गाणे लागले की आईला बरे वाटते, कारण मग आम्ही बोलत नाही आणि विड्या जास्त होतात. निबंध एवढाच. नऊ ओळी. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सात.

आम्ही लाल शाईने खाली शेरा मारला, ‘विषयास सोडून’. आणि दहापैकी तीन गुण दिले. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण वर्गात वह्या परत देताना आम्ही उपदेशही केला, की काम म्हणजे छंद नव्हे. ज्यातून मनाला आनंद मिळतो तो छंद. कोणी विड्या वळणे हा छंद म्हणून लिहू नये. मुले हसली. ती मुलगी वही घेऊन जागेवर जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते सांगता येत नाही, कारण आम्ही पाहिले नाही. आम्ही पुढची वही हातात घेतली होती.

पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. जुलैअखेर गैरहजर मुलांच्या घरी जाण्याची आमची पाळी होती, म्हणून एका सायंकाळी आम्ही तिच्या गल्लीत गेलो. ओसरीवर चार-पाच बायका सुपे मांडीवर घेऊन बसलेल्या. पत्र्याच्या मापाने पान कातरायचे, चिमूटभर तंबाखू भरायचा, बोटांनी वळायचे, तोंड मुडपायचे आणि दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांमागे मजुरी. या कामगार बायकांनी १९८० च्या आसपास संघटना बांधून मालकांशी झुंज दिली. तंबाखूच्या कारखान्यांतल्या बायकांवर ‘युगांतर’ या मंडळाने १९८२ साली माहितीपटही काढला. १९८१ च्या एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी हमरस्ता अडविला आणि ६ तारखेला गोळीबार झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. तंबाखूतला घाम आणि रक्त आम्हांला अगदीच अपरिचित होते असे नाही. तरीही ओसरीवर बसलेली ती बोटे आम्ही त्या दिवसापर्यंत नीट पाहिली नव्हती.

शेजारच्या घरात रेडिओ चालू होता. भीमसेनांचा अभंग लागला होता, आमच्या वडिलांच्या आवडीचा. आम्ही गल्लीच्या तोंडाशीच थांबलो. ओसरीवर कोणी बोलत नव्हते. ती मुलगी दोरा बांधीत होती आणि तिचा हात समेवर येत होता. दोऱ्याचा शेवटचा वेढा आणि तबल्याची सम एकच. तिला ताल कोणी शिकविला नव्हता. समोर उभ्या असलेल्या, सांगली आणि धारवाड दोन्ही केंद्रे ऐकून स्वतःला रसिक म्हणविणाऱ्या मराठीच्या मास्तराला तेव्हा कळले, की पन्नास वह्यांत खराखुरा छंद एकाच वहीत लिहिलेला होता. तिने ‘मला छंद नाही’ असे लिहिले आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. पुढच्या आठ ओळी तिचा छंद सांगत होत्या, त्या आम्ही वाचल्याच नाहीत.

अभंग संपेपर्यंत थांबून आम्ही ओसरीवर गेलो. तिच्या आईने लगबगीने उठून चहा ठेवला. आम्ही शाळेविषयी बोललो. आईने घरची अडचण सांगितली. धाकटी दोन भावंडे होती. निबंधाविषयी आम्ही चकार शब्द काढला नाही. मास्तराला चूक कबूल करावयास जे धैर्य लागते ते पदवीबरोबर मिळत नाही. पोर शाळेत परत आली नाही. आमच्या शेऱ्यामुळे आली नाही असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. गरिबीला मास्तराच्या लाल शाईची गरज नसते. पण शाळेने तिला निरोप देताना हातात काय दिले, तर तीन गुण.

त्यानंतर आम्ही कोणत्याही वर्गाला ‘माझा छंद’ हा निबंध घातलेला नाही. त्याऐवजी मुलांना विचारतो, ‘हात कामात असताना तुमचे मन कोठे असते?’ उत्तरे अशी येतात, की त्यांवर गुण घालणे कठीण जाते.

मधल्या काळात आमच्या बदल्या झाल्या आणि २०१९ मध्ये मुख्याध्यापक म्हणून आम्ही पुन्हा त्याच शाळेत आलो. तेव्हाचा पन्नासांचा वर्ग आता कोठेच दिसत नाही. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या आमच्या फाटकावरून मुले भरून नेतात. आणि गेल्या महिन्यात, ते दोन कागद आल्यानंतर आठवडाभराने, एक बाई कार्यालयाच्या दारात उभी राहिली. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. विडी कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीत जन्मतारीख चुकीची पडली होती, ती दुरुस्त करावयाची होती.

“वळखलासा काय, गुरुजी? तुमच्याकडं सातवीला हुतो की मी.”

नाव सांगताच आम्ही ओळखले. जनरल रजिस्टर काढले. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात आमच्याच अक्षरात ‘सतत गैरहजेरी’ असे होते. दाखला लिहिता लिहिता, मान वर न करता, आम्ही शेवटी बोललो. त्या निबंधाचे, तीन गुणांचे, वर्गातल्या हसण्याचे सगळे सांगितले आणि ‘चुकलो’ असे म्हणालो. सुमारे तीस वर्षे हे वाक्य तोंडात अडकले होते.

ती क्षणभर पाहत राहिली. मग हसली. “मला कायबी आठवंना बघा, गुरुजी. तीन मार्क मंजे बरंच की! गणितात मला तेवढंबी पडत न्हवतं.”

आम्ही काय अपेक्षिले होते, कोण जाणे. तिने क्षमा करावी, किंवा रागवावे. तिने दोन्हींपैकी काहीच केले नाही. तिला ते आठवतच नव्हते. आम्ही इतकी वर्षे जे ओझे जपले ते एकट्याचेच होते. थोडे ओशाळवाणे वाटले. मग आम्ही जे त्या ओसरीवर विचारावयास हवे होते ते विचारले. “अजून रेडिओ ऐकतेस?”

“आता लेकीच्या मोबाईलवर लावतो. विड्या सोडून सा वर्सं झाली, डोळं साथ देत न्हाईत. पर गाणं लागलं की बोटं हालत्यात आपोआप. मोठा अभंग असला की पंधरा. मी मोजतो अजून.” आणि जाता जाता म्हणाली, “भीमण्णांचा आवाज लागला की आईची याद येती बघा.”

आमचे वडील, तिची आई. वखारीतला दिवाणजी आणि ओसरीवरची विडी वळणारी बाई. दोघे एकाच गावात, एकाच वेळी, एकच अभंग ऐकत होते. एकाला आम्ही रसिक म्हटले आणि दुसरीचे ऐकणे ‘विषयास सोडून’ ठरविले.

दाखल्यावर सही करून, शिक्का मारून तो तिच्या हाती दिला. ती गेल्यावर खणातला तक्ता काढला. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ‘निम्म हव्यासगळु’ यापुढे रेडिओ, नाटक, शब्दसंग्रह असे काही लिहिण्याचा विचार होता, पण लिहिवेना. शेवटी आम्ही कन्नडमध्ये एकच शब्द लिहिला, ‘केळुवुदु’. कन्नडमध्ये ‘केळु’ म्हणजे ऐक, आणि ‘केळु’ म्हणजेच विचार. ऐकणे आणि विचारणे या दोन क्रियांना त्या भाषेने एकच धातू ठेवला आहे. आमच्या वहीत हा शब्द फार पूर्वीच टिपलेला होता. अर्थ मात्र आता कळला.

तर वाचकहो, आमचा परिचय हा असा. निपाणीचे राहणारे, सरकारी मराठी शाळेचे मुख्याध्यापक, निवृत्तीस अडीच वर्षे शिल्लक. छंद, ऐकणे. त्याच्या जोडीने विचारणे आम्ही फार उशिरा शिकलो. तक्ता तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आमचे उत्तर वाचून काय शेरा मारला ते अद्याप कळलेले नाही. ‘विषयास सोडून’ असा मारला, तरी आमची तक्रार नाही.